चाकाखालचा ठोकळा

पातेल्यातला चहा भिंतीवर उडाला आणि खिडकीतली झाडं सरकायला लागली. झाडं चालत नसतात, म्हणजे चालतंय ते आमचं घर, एवढं कळायला माझी चौथीपर्यंतची शाळा पुरली. मागच्या खिडकीत तळं दिसत होतं आणि घर तिकडंच निघालं होतं. आधी मी गॅस बंद केला. मग ओट्याला धरून उभी राहिले.

घर म्हणजे मोटारीमागं ओढून न्यायचं, चाकांवरचं. मुलगा अमेरिकेत, ट्रॉय गावी नोकरीला. त्यानं ते शनिवार-रविवारसाठी भाड्यानं आणलं होतं. तिकडं काही शेतकरी आपल्या रानात रात्रीपुरतं घर उभं करू देतात. भाडं घेत नाहीत, त्यांच्या दुकानातून काहीतरी घ्यायचं एवढीच रीत. जागा सुंदर होती, त्यात वाद नाही. उतारावर भोपळ्यांचं रान, खाली तळं, तळ्यात बदकं. मुलानं घर मोटारीपासून सोडवलं, दोन्ही चाकांखाली लाकडी ठोकळे सारले आणि सुनेला नि नातीला घेऊन दुकानात गेला. मी चहा टाकला.

आमचे हे बाहेर थांबले. यांना नारळ फोडायचा होता. भाडेवाल्याच्या दारात फोडू नका, म्हणून सुनेनं हात जोडले होते. नवं वाहन आणि नारळ नाही, हे यांना सकाळपासून टोचत होतं. पण त्या रानात दगड कुठला? सगळं गवत. मग यांनी चाकाखालचा ठोकळा उपसला आणि त्यावर नारळ आपटला. दुसऱ्या चाकाचा ठोकळा ओल्या गवतावर एकटा काय करणार? सरकला.

"अगं, ब्रेक लाव!" हे मागून धावत ओरडले.

"स्वयंपाकघराला ब्रेक असतो का?"

"मग उडी मार!"

"तुम्हीच मारा!"

तळ्याच्या काठाशी विकायला काढलेल्या भोपळ्यांचा ढीग होता. घर त्यात घुसलं, करकरलं आणि थांबलं. पुढं एक म्हैस आडवी उभी राहील एवढीच जमीन होती, मग पाणी. मी दार उघडून भोपळ्यांवर उतरले.

सगळे दुकानातून पळत आले. मुलाचं तोंड पांढरं पडलेलं. "बाबा, काय केलंत हे!"

"नारळ फोडला म्हणून वाचली ती," हे म्हणाले.

"नारळ फोडला म्हणूनच निघाले होते," मी म्हटलं.

नातीनं विचारलं, "आज्जी, कॅन वी डू इट अगेन?"

"आता आजोबांना बसव आत."

शेतकरीणबाई माझ्याच वयाची, अंगानं भक्कम. तिनं मला वरपासून खालपर्यंत चाचपलं, कुठं मोडलेलं नाही असं बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. फुटलेले भोपळे डुकरांना जातील, असं ती म्हणाल्याचं सुनेनं सांगितलं. मी म्हटलं, डुकरांना कशाला, आपणच घेऊ. रीत ती रीत. पुढचा आठवडाभर घरात भोपळ्याची भाजी होती आणि यांनी तक्रार केली नाही.

भाडेवाल्यानं मागचा पत्रा चेपल्याबद्दल मुलाला बोल लावले. पत्र्याचं काय एवढं. घरात मी एकटी होते, आणि मी वाचले.