कुंपणापाशी आलेली कासवी

नैना खांडवेकर टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये बावीस वर्षं राहिली, आणि त्यातली बहुतेक तिने खुर्चीत बसून काढली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. नागपूरहून आली तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. मग व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग आईचं आजारपण, मग आईच गेली. लग्नाचं आज-उद्या करता करता राहून गेलं. मराठी मंडळाच्या गणपतीत ती दरवर्षी प्रसादाच्या टेबलामागे उभी असायची. सगळे तिला ओळखायचे. पण न कळवता जाऊन दार वाजवावं असं एकही घर तिला नव्हतं.

एका मंगळवारी अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर तिची नोकरी गेली. वय एक्कावन्न. पुढचे सात महिने तिने अर्ज केले. मुलाखती घेणारे तिच्या निम्म्या वयाचे असत. फार नम्रपणे बोलत आणि पुन्हा फोन करत नसत. अशात तिला एक जाहिरात दिसली. नेव्हाडाच्या वाळवंटात कासवांवर नजर ठेवायला माणसं हवी होती. शिक्षणाची अट नव्हती. चालता यायला हवं, ऊन सोसायला हवं आणि बारीकसारीक गोष्टी दिसायला हव्यात, एवढंच. नैनाने अर्ज केला तो जवळपास गमतीने. पंधरा दिवसांत होकार आला.

तिने पूर्व किनाऱ्याकडच्या श्रूजबरीला भाचीला फोन केला. आश्लेषा म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, अमेरिकेत नैनाचं असं तेवढं एकच माणूस.

"कासवं? मावशी, तू सिरियसली टेक्सास सोडून कासवं मोजायला चाललीस?"

"मोजायला नाही गं. बघायला."

"यार मावशी, त्यापेक्षा इकडे शिफ्ट हो ना. आमच्याच बिल्डिंगमध्ये वन बेडरूम रिकामं होतंय."

"बघू," नैना म्हणाली. आणि गाडीत दोन बॅगा, कुकर आणि मिसळणाचा डबा टाकून निघाली.

परंप नावाच्या गावाबाहेर, जिथे नजर पोचेल तिथवर काटेरी झुडपं आणि खडी, तिथे सोलर पॅनेल लागणार होती. त्या जमिनीत कासवं राहत होती. कित्येक तर पन्नास-साठ वर्षांपासून. कंपनीने मशीन आणण्याआधी ती सगळी उचलून नऊ किलोमीटर उत्तरेला नेऊन सोडली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीला कुंपण घातलं. प्रत्येक कासवाच्या पाठीवर काडेपेटीएवढा रेडिओ चिकटवला, नंबर दिला. नैनाने हातात अँटेना धरायची, कानाला हेडफोन लावायचा, टिकटिक जिकडून मोठी येईल तिकडे चालत राहायचं. कासव सापडलं की कुठे आहे, काय करतंय ते लिहायचं आणि पुढच्याकडे निघायचं. हात लावायचा नाही. हात लावायचा परवाना एकट्या जोलीनकडे.

जोलीन पासष्टीची, उंच, उन्हाने रापलेली बाई. तीस वर्षं याच कामात मुरलेली. पहिल्या दिवशी तिने नैनाला एका झुडपाखालचं बीळ दाखवलं. खाली सपाट, वर कमानीसारखं.

"बघून घे. कासवापेक्षा हेच तुला जास्त दिसणार. आयुष्यातला बहुतेक वेळ ती आतच असतात. उन्हाळ्यात उष्णतेपायी, हिवाळ्यात थंडीपायी. वसंतात फुलं आली की बाहेर येतात, खातात, पाणी मिळालं तर पितात. ते पाणी मूत्राशयात साठवतात आणि त्यावर वर्ष काढतात."

"वर्षभर?"

"वर्षभर. म्हणून हात लावायचा नाही. घाबरलं की कासव ते सगळं पाणी सोडून देतं. पावसाळी दिवसांत चालून जातं. जूनमध्ये असं झालं तर मरतं."

नैनाने ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

हळूहळू तिला दिसायला लागलं. चघळलेल्या गवताच्या सुकल्या लेंड्या, वाळूतली पायांची दुहेरी ओळ. विजेच्या खांबावर डोमकावळे घरटी करायचे. अशाच एका खांबाखाली तिला अकरा कवच्या मिळाल्या, आगपेटीपेक्षा थोड्या मोठ्या, प्रत्येकीला वरून भोक. पिल्लांची पाठ पाच-सहा वर्षं नखासारखी मऊ असते, जोलीनने सांगितलं, कावळ्याला चोच मारायला सोपी.

"आणि आई काय करते?" नैनाने विचारलं.

"आई? बिळाच्या तोंडाशी अंडी पुरते आणि जाते. पिल्लं तीन महिन्यांनी आपली आपण बाहेर येतात."

नैना हसली. "माझी आई सांगायची, कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. दुरून बघत राहते आणि ती मोठी होतात."

जोलीनने पिकअपचं दार उघडलं. "छान आहे. पण खरं नाही," ती म्हणाली, आणि आत बसून गेली.

संध्याकाळी नैना भाड्याच्या ट्रेलरवर, त्या चाकांवरच्या घरात, परत यायची. खिचडी टाकायची, पाय कोमट पाण्यात बुडवून बसायची. शेजारच्या ट्रेलरमधला माणूस हात वर करायचा, तीही करायची, एवढंच बोलणं. दर रविवारी ती लास व्हेगासला जाऊन कोथिंबीर आणि पोळ्यांचं पीठ आणायची, दुकानदार हिंदीत काहीतरी विचारायचा, आणि परतताना गाडीत तिला जाणवायचं की आठवड्याभरात आपण आपला आवाज सगळ्यात जास्त त्या दुकानात ऐकला. अर्विंगमध्येही ती एकटीच होती. पण तिथे लोकांच्या गर्दीत ते झाकलं जायचं. इथे झाकायला काही नव्हतं.

चार हजार सतरा नंबरच्या कासवीकडे तिचं लक्ष एप्रिलमध्ये गेलं. मोठी मादी होती, पाठीच्या कडेला जुन्या चाव्याची खूण. बाकीची कासवं नव्या जागेत गोंधळून इकडेतिकडे फिरत होती. ही मात्र दर आठवड्याला आधीपेक्षा दक्षिणेला सापडायची. नैनाने नकाशावर ठिपके जोडले तेव्हा जवळजवळ सरळ रेघ निघाली.

"घरी चालली आहे," जोलीन म्हणाली. "काही जणी जातात. त्यांना दिशा कशी कळते ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

"पण घर कुठे राहिलंय?"

"ते तिला कुठे माहीत आहे?"

मे संपेपर्यंत कासवी कुंपणाला येऊन भिडली. जूनच्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊला नैना तिथे पोचली तेव्हा ती जाळीला लागून चालत होती. पन्नास-साठ पावलं पूर्वेला, मग वळून तेवढीच पश्चिमेला. जाळीच्या बुडाशी मातीत खोल पन्हळ पडली होती, म्हणजे हे बरेच तास चालू असावं. जाळीपलीकडे सपाट केलेली जमीन होती, एक झुडूपही शिल्लक नव्हतं. कासवी थांबायची, नाक जाळीला लावायची, पुन्हा चालायची.

हवा छत्तीस अंशांच्या वर गेली होती. नैनाने जोलीनला फोन केला. जोलीन दोन तासांच्या अंतरावर होती.

"सावली कर. हात लावू नकोस. मी निघते."

जवळच कासवांच्या सावलीसाठी उभा चिरलेला रुंद पाइप आडवा ठेवला होता, पण कासवी त्याच्यासमोरून तीनदा गेली आणि आत शिरली नाही. नैनाने गाडीतून छत्री काढली. दुपट्टा नागपुरात बांधायची तसा तोंडाडोक्याला गुंडाळला, छत्री कासवीवर धरली आणि तिच्यासोबत चालायला लागली. कासवीच्या चालीने. पूर्वेला, वळून पश्चिमेला. कंबर वाकवून. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. बघायला मैलोन्‌मैल कोणी नव्हतं.

मधेच आश्लेषाचा फोन आला. नैनाने स्पीकरवर टाकला.

"मावशी, काय करतेयस? दम लागलाय तुला."

"कासवावर छत्री धरून चालतेय."

"व्हॉट? मावशी, आर यू ओके? म्हणजे खरंच?"

नैनाला हो म्हणायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "तिला घरी जायचंय गं. आणि तिला कोणी सांगितलंच नाही." आणि तिला रडू फुटलं. इतकं, की वळताना छत्री कलंडली आणि कासवी उन्हात पुढे निघून गेली. पळत जाऊन तिने पुन्हा सावली धरली. आश्लेषाने फोन ठेवला नाही.

तासाभराने कासवीच्या तोंडाशी फेस दिसला. पाय अडखळायला लागले. नैनाने आश्लेषाला "थांब, नंतर बोलते" म्हटलं आणि जोलीनला फोन लावला.

"उचल तिला," जोलीन लगेच म्हणाली. "नवे हातमोजे घाल, गाडीत एसीमध्ये ठेव. मी सांगितलं म्हणून उचललं, असं लिही."

नैनाने दोन्ही हात सावकाश खाली घातले आणि तिला आडवीच, न कलवता उचललं. पाच किलोचं ओझं. दुसऱ्या क्षणी कासवीने पाणी सोडलं. नैनाच्या पँटवर, बुटांवर, मग वाळूत. आणि वाळूने ते लगेच पिऊन टाकलं.

जोलीन आली तेव्हा नैना गाडीत पुठ्ठ्याच्या खोक्यावर हात ठेवून बसली होती. "तिचं सगळं पाणी गेलं," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"तू उचललं नसतंस तर ती गेली असती." जोलीनने प्लास्टिकचा टब काढला, दोन बोटं पाणी ओतलं आणि कासवीला त्यात ठेवलं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग कासवीने मान लांब केली, अख्खं तोंड पाण्यात बुडवलं, आणि तिच्या गळ्याची सुरकुतलेली कातडी खालीवर हलायला लागली. ती वीस मिनिटं प्यायली. दोघी बायका टबाच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून बघत राहिल्या.

सूर्य कलल्यावर त्यांनी तिला पुन्हा उत्तरेला नेलं आणि एका रिकाम्या बिळाच्या तोंडाशी ठेवलं. नैनाने आश्लेषाला फोन केला. "आहे जिवंत," एवढंच सांगितलं. त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आश्लेषा चार दिवस परंपला आली, कासव काही तिला दिसलं नाही, पण ट्रेलरमध्ये दोघींनी पुरणपोळ्या केल्या आणि पुरण सैल झालं म्हणून खूप हसल्या. ती गेल्यावर ट्रेलर आधीपेक्षा मोठा वाटायला लागला. नैनाला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

वसंतात कासवी पुन्हा दक्षिणेला निघाली. नैनाने ठिपके मांडले, आणि कुंपण जसजसं जवळ येऊ लागलं तसतशी ती रोज सकाळी आधी तिचीच टिकटिक ऐकायची. पण कुंपणाच्या अलीकडे चार किलोमीटरवर, कोरड्या ओढ्याच्या काठाशी, ठिपके थांबले. मातीच्या पांढऱ्या टणक थराखाली कासवीने बीळ खणलं होतं. तिचं जुनं घर तिथून दक्षिणेला, नवी जागा उत्तरेला. उन्हाळा तिने तिथेच काढला, हिवाळाही. जोलीनने नोंदवहीत "स्थिरावली" असं लिहिलं. का तिथेच, ते कोणालाच सांगता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कासवांवर नजर ठेवण्याचा हा अभ्यास संपला आणि रेडिओ काढायचे ठरले. तोवर नैनालाही परवाना मिळाला होता. कासवी बिळाच्या तोंडाशी ऊन खात होती. नैनाने हातमोजे घातले. जोलीनने कासवी स्थिर धरली आणि नैनाने सपाट चिमट्याने रेडिओ चिकटवलेला गोंदाचा थर कडेकडेने, कवचाला ओरखडा न जाता, सोलून काढला. पंचवीस मिनिटं लागली. निघालेला रेडिओ तिने बंद केला. खाली कवचाचा रंग जरा फिकट होता. या वेळी कासवीने पाणी सोडलं नाही.

खाली ठेवल्यावर ती मिनिटभर हलली नाही. मग वळली आणि बिळात शिरली, आधी मान, मग पाठ, मग मागचे पाय. तिच्या पायांनी उडवलेली माती बाहेर आली आणि थांबली.

नैनाने सवयीने हेडफोन कानाला लावला. त्या नंबरावर नुसती खरखर होती.

"आता ती कुठे असेल ते कसं कळणार?" तिने विचारलं.

"कळणार नाही," जोलीन म्हणाली. "चल. अजून सहा काढायचेत."

नैनाने रेडिओ पिशवीत टाकला, त्यावर तारीख लिहिली, आणि पुढचा नंबर लावून चालायला लागली.