रात्रीच्या ताटाचा दशांश

दवनीवाड्याच्या लहानशा गिरजाघरात प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची भाकर वच्छला करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पाळकांच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या घरून पिठाचा डबा यायचा. चूल सारवून, कोणाशी न बोलता, ती बिनखमिराची एक जाड भाकर भाजायची. या कामावर तिचा जीव होता. नवरा दुधराम गिरजाघराची पायरी चढत नसे. पण त्या संध्याकाळी तोही चुलीवर विडी पेटवत नसे.

दान म्हणून ती मूठ टाकायची. भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ कोपऱ्यातल्या मडक्यात. गिरजाघराच्या मंडळीतल्या सगळ्याच बाया टाकत, आणि त्यावर पाळकांचे घर चाले. जुने पाळक म्हणत, आनंदाने द्या, ठरावीक मापाचा बोजा आता कोणावर नाही.

दिवाळीनंतर हेमेंद्र पाळक आले. तरुण, मनाचे सच्चे, शब्दाचे पक्के. त्यांनी उपदेशात सांगितले की उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाचाच आहे, आणि पुढल्या प्रभुभोजनापासून जो दशांश देणार नाही त्याच्याकडे मंडळीचे कोणतेही काम राहणार नाही. म्हणजे वच्छलाची भाकरही जाणार होती.

घरी विषय काढताच दुधराम उखडला. "जमीन माझी. पाळकाले पोती कायले देऊ? मूठ टाकून राहिली ना, तेवढीच टाक."

धान तिचे नव्हते. मग तिचे काय होते? घरात माणसे पाच, भात दोन वेळचा; म्हणजे ताटे दहा. दहावे ताट तिने आपले रात्रीचे धरले. त्या रात्रीपासून तिच्या वाटणीचे तांदूळ मडक्यात जाऊ लागले. सगळ्यांना वाढून झाले की "माझं मागून" म्हणत ती भांडी घासायला निघून जायची.

मळणीचे दिवस होते. एका दुपारी खळ्यावर तिच्या हातातले सूप निसटले आणि ती राशीजवळ बसली ती उठेना. सासू गोमती म्हणाली, ही रातची जेवत नाही, मी पाहून राहिली. दुधरामने तिला घरी आणून बसवले आणि मडके उघडले. ते गळ्यापर्यंत भरले होते. नुसत्या मुठींनी एवढ्यात भरत नाही, हे त्यालाही कळत होते. त्याने मडके खांद्यावर घेतले.

"राहू द्या," ती तोल सावरत मागे धावली. "माझी भाकर जाईल."

तो थांबला नाही. पाळकांच्या ओसरीवर त्याने मडके टेकवले. "हा हिचा रातचा भात होय. तुमच्या दशांशापायी उपाशी निजून राहिली. घ्या, शिजवा."

पाळकांनी तिच्याकडे पाहिले. "खरं आहे का, ताई?"

तिला खोटे बोलता आले नाही. दुधराम तिला मनगट धरून घरी घेऊन आला.

शनिवारी तिने चूल सारवली. मागच्या वेळी पाळकांची बायको रुचि गुरे परतायच्या आत डबा घेऊन आली होती. गुरे परतली, गल्लीतली धूळ बसली, तरी कोणी आले नाही. सासू म्हणाली, नको वाट पाहू, आपला भात टाक. वच्छला चुलीसमोरून हलली नाही.

मग दारात पाळक स्वतः उभे राहिले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी.

"मुठीचे तांदूळ अंदाजाने ठेवून घेतले. ताटाचे हे परत," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "दशांश मी शिकवतच राहीन, ताई. पण असा कोणाच्या पोटातला मला नको. भाकर तुम्हीच करा."

तिने डब्याकडे हात नेला. दुधरामने झाकणावर पंजा ठेवला.

"आधी ती जेवल. मंग पीठ."

वच्छलाने घाबरून पाळकांकडे पाहिले. ते ओसरीवर टेकले. "थांबतो मी," म्हणाले.

तिने पिशवीतले तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले. मुठीसाठी हात सवयीने मडक्याकडे वळला, पण मडके पाळकांकडेच राहिले होते. बाहेर दोघे पुरुष एकमेकांकडे न पाहता आधण उकळण्याची वाट पाहत बसले.