मोठे शेठ शर्यत जिंकले होते का?

पाटी रंगवणारा शुक्रवारी येणार होता, म्हणून मी मंगळवारीच निघालो.

तळेगाव दाभाड्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथे मी सत्तावीस वर्षं काउंटरवर उभा असतो. दुकान काढणारे गफूरशेठ, आमचे मोठे शेठ, गेल्या वर्षी वारले. आता त्यांचा मुलगा इरफानशेठ दुकान नव्याने सजवतोय. माळा साफ करताना एक जुना फोटो सापडला. जुन्या धाटणीची गोलमटोळ गाडी, दारावर नंबर, बॉनेटवर आमच्या दुकानाचं नाव, आणि शेजारी गळ्यात झेंडूचा हार घातलेले तरुण मोठे शेठ. मागे घाट.

इरफानशेठला नव्या पाटीवर लिहायचं होतं, ‘संस्थापक : घाटातील मोटार शर्यतीचे विजेते’. मला म्हणाला, “दत्ताभाऊ, अब्बा यावर कधी बोललेच नाहीत. तुम्ही जरा खात्री करून या. उगाच कुणी हसायला नको.”

बोलले नव्हते हे खरं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, “जुनी गोष्ट आहे ती. गिऱ्हाईक बघ.”

सकाळी सातला मोटारसायकल काढली. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, त्यामुळे उर्से टोलनाक्याच्या वाटेला जाऊच नका. जुना महामार्ग धरा. वडगाव, कान्हे फाटा, कामशेत करत सव्वा तासात लोणावळा येतं. कामशेतला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, तर्री वेगळी मागून घ्यावी लागते. जायचं तर मंगळवार-बुधवारीच जा. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या चौकात गाडीपेक्षा माणूस लवकर पोचतो.

लोणावळ्याच्या बाजारात नंदूकाकांचं चिक्कीचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे. मोठ्या शेठचे जुने दोस्त. फोटो दाखवला तसे ते खुर्चीतून उठलेच.

“जिंकलेच की! हार काय हरलेल्याला घालतात?”

“तुम्ही होता तिथे?”

“म्हणजे काय!”

मागे चिक्कीचे डबे भरत असलेली त्यांची सून म्हणाली, “बाबा, तुम्हीच सांगता ना, त्या दिवशी आजोबांनी दुकान सोडू दिलं नाही म्हणून?”

“अगं, नसेन गेलो. पण फोटो पाहिला होता ना!”

“हाच का?” मी विचारलं.

काका फोटोकडे बघत राहिले. “हाच,” म्हणाले, आणि मग जरा हळू, “गफूरबरोबर शंकर मिस्त्री होता गाडीत. आंदर मावळात असतो, खांडीकडे. त्याला विचार.”

पाव किलो शेंगदाणा चिक्की त्यांनी पैसे न घेता दिली.

लोणावळ्यापर्यंत आलोच होतो, म्हणून दुपारी बोरघाट खालपर्यंत उतरलो. दुचाकीने जाणार असाल तर कुठे वळायचं त्या पाट्या नीट बघा, मालाचे ट्रक पाठीशी असताना थांबून विचार करायला जागा नसते. शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. घाट चढणारा-उतरणारा ड्रायव्हर इथे नाणं टाकून पुढे जातो. मीही टाकलं, हात जोडले. वळणाच्या आतल्या अंगाला गवताने भरलेलं दगडी गटार आहे. फोटोतली जागा शोधत हिंडलो, पण रस्ता इतका रुंद झालाय की काही जुळेना.

बुधवारी कान्हे फाट्यावरून आत वळलो. पेट्रोल फाट्यावरच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. टाकवे मागे पडलं की धरणाच्या कडेकडेने रस्ता जातो. एस.टी. दिवसाला मोजक्याच आहेत. भात झोडून झालं होतं, खाचरांत गुरं सोडली होती. शेवटचा दीड किलोमीटर खडीचा रस्ता आहे, पण त्याने काही बिघडत नाही.

शंकर आबा पडवीत विळ्याला धार लावत बसले होते. फोटो हातात दिला. डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला.

“शेट गेला म्हनं.”

“व्हय आबा. गेल्या वर्षी.”

“मला कुनी कळवलं न्हाई.” मग फोटोवर बोट ठेवून हसले. “ह्यो हार गाडीचा हाय. शर्यतीआदी नारळ फोडला, गाडीला हार घातला. तर बॉनेटवरलं दुकानाचं नावच झाकलं! फोटोवाला म्हनला, हार काढा. शेटनं काढला. आता देवाचा हार भुईवर कसा ठिवायचा? घातला सोताच्या गळ्यात.”

“म्हणजे जिंकले नाहीत?”

“पुरी तरी कुटं पळालो आमी!”

शर्यत दोन चढणींची होती. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावून वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. दोन्ही वेळांची बेरीज. गाडी शेठ चालवत होते, शेजारी आबा. पहिल्या चढणीत त्यांची वेळ सगळ्यांत चांगली आली. खाली उतरताना ब्रेकचं पेडल तळाला टेकलं.

“गियर टाकला, हातब्रेक वढला, गाडी डोंगराकडल्या गटारात घातली तवा थांबली. शिंग्रोबाच्या अंगालाच. चाक काढून बगतो तर लायनर बुटावरनं सुटलेलं. कोरं व्हतं. दुकानातनंच घेतल्यालं, नव्या मालातलं.”

ब्रेकच्या बुटावर जो घासणारा थर चिकटवलेला असतो, तो लायनर. तो सुटला की गाडीला ब्रेकच नाही.

“जुनं लायनर डिकीत व्हतं,” आबा म्हणाले. “अर्ध्या तासात बशिवलं म्या. दुसऱ्या चढनीला टाइम व्हता. म्हनलं, शेट, चला. तर शेट इचारतो, शंकर, ह्या मालातलं आपन किती इकलं? म्हनलं, सात गाड्यांना घातलं. झालं. गाडी वळवली, वर चढली ती शर्यतीत न्हाई, लोनावळ्याच्या पल्याड. कामशेत, टाकवं, वडगाव. एकेकाच्या दारात जाऊन लायनर काढलं. सातवी जीप वऱ्हाड घेऊन निगायची व्हती. नवरदेवाला खाली उतरवला शेटनं. लय शिव्या खाल्ल्या.”

“आणि तुम्ही?”

“म्या दोन म्हयने बोललो न्हाई त्याच्याशी. जिंकलो असतो तर मोठ्या गॅरेजात गेलो असतो मुंबईला. एक गॅरेजवाला आल्ता बगाया.” त्यांनी विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. “पर त्या जिपंत माजी मावसभैन व्हती. ते मागनं कळलं.”

इंद्रायणी तांदळाचा भात आणि वालाचं कालवण जेवूनच निघालो. चिक्की तिथेच ठेवली.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या दुकानात ब्रेकचा नवा माल आला की त्यातला एक सेट दुकानाच्या गाडीला बसवून घाट उतरायचा, मगच बाकीचा विकायचा, असा मोठ्या शेठचा शिरस्ता होता. मी स्वतः कितीदा उतरलोय. म्हाताऱ्याची खोड, असं समजत होतो. दिवाळीत इरफानशेठने ती पद्धत बंद केली. ऑनलाइनवाले एका दिवसात माल देतात, आपण घाट काय उतरत बसायचं, असं त्याचं म्हणणं. मला त्यात गैर वाटलं नव्हतं. एक काम कमी झालं, इतकंच.

गुरुवारी इरफानशेठला सगळं सांगितलं.

“शर्यत अर्धी सोडली, असं पाटीवर कोण लिहितं हो, दत्ताभाऊ?”

“कोणी नाही लिहीत.”

“मग काय लिहू?”

“नाव लिहा दुकानाचं.”

शुक्रवारी पाटी तेवढीच रंगवली. रंगारी कुरकुरला, कारण त्याने ‘विजेते’च्या अक्षरांचे साचे कापून आणले होते. इरफानशेठने नव्या मालातला एक सेट स्वतः उचलला आणि दुकानाच्या गाडीची चावी घेऊन बाहेर पडला. तासाभरात गाडी घाटाकडे निघाली.

घरी आलो, दिवा लावला, जप करायला बसलो. पण नामाऐवजी माणसंच डोळ्यांपुढे येत होती. दिवाळीपासून न तपासलेला माल “बिनधास्त न्या” म्हणत मीच विकला होता. तो नेणारे अकरा जण आठवले. माळ ठेवली आणि पहिला फोन कामशेतच्या शाळेच्या गाडीवाल्याला लावला.

“उद्या सकाळी गाडी दुकानावर आणा. लायनर बघून घेतो.”

“का भाऊ, काय झालं?”

“अजून काही झालेलं नाही,” मी म्हणालो, “म्हणूनच.”