वकीलसाहेबांनी उभी केलेली गाडी

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. अमरावतीच्या फळबाजारात आजवर जे कुणाला जमलं नाही, ते अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका निवृत्त वकिलानं खुर्चीवरून न उठता, माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. आणि दुःख असं की मला त्यांच्याशी मनसोक्त भांडताही येत नाही. माझी पोरगी त्यांच्या घरात दिली आहे.

वकीलसाहेबांनी जन्मभर एकाच प्रकारचे खटले चालवले: मोटार अपघातात मेलेल्यांच्या आणि जायबंदी झालेल्यांच्या नुकसानभरपाईचे. त्यामुळे चाकं असलेली कोणतीही वस्तू त्यांना निर्दोष वाटत नाही. ऑटोत पाय ठेवण्याआधी ते चालकाकडे लायसन्स मागतात, आणि त्यानं दाखवलं तर फोटो त्याच्या तोंडाशी जुळवून पाहतात. केळीवाल्याच्या हातगाडीसमोर ते कधी उभे राहत नाहीत. बाजूनं भाव विचारतात. लग्नात वरातीची सजवलेली गाडी दारात आली, मुहूर्त जवळ आलेला, बँडवाले वाजवून वाजवून घामाघूम, आणि नवऱ्या मुलाचा बाप विम्याचा कागद मागतोय. विमा संपलेला निघाला. झालं, नवरदेव चालत मांडवात आला आणि त्याच्यामागून फुलांची रिकामी गाडी. माझा संताप अनावर झाला होता, पण मुलीचा बाप म्हणून मी हात जोडून हसत उभा होतो.

असा माणूस मोटारींच्या शर्यतीत उतरला आहे, असं पोरीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला धक्काच बसला. मग कळलं की शर्यत कॉम्प्युटरवरची. आमची वैशाली कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं अशा स्पर्धेसाठी अकोल्याच्या नदीच्या नावावरून ‘मोर्णा रेसिंग’ नावाचा संघ काढला होता. सगळे चालक आपापल्या घरी स्टिअरिंग धरून बसतात आणि पडद्यावर गाड्या धावतात. संघाला चालक मिळेना. सासरे एकदा सहज गंमत म्हणून बसले, ते उठेचनात.

मी लगेच सौद्याला बसलो. स्टिअरिंग, पायाखालचे पेडल आणि खुर्ची माझ्याकडून. बदल्यात गाडीवर माझ्या दुकानाचं नाव. पोरगी म्हणाली, दारावर टाकते. मी बॉनेटवर अडून बसलो. रंगही माझाच ठरला, चांदूर बाजारच्या पिकल्या संत्र्याचा. संघाची ती पहिली गाडी पडद्यावर उभी राहिली आणि मी बॉनेटवरचं नाव मोठ्यानं वाचून काढलं. बसस्टँडवर टोपली घेऊन ज्यानं धंदा सुरू केला, त्याचं नाव आता कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना दिसणार होतं. फक्त हंगामाच्या शेवटी पहिल्या दहा संघांत यायला हवं होतं. नाही तर संघ बाहेर, गाडी गेली आणि नावही गेलं.

वकीलसाहेब चालवायचे मात्र त्यांच्याच पद्धतीनं. खुर्चीला पट्टा नाही म्हणून उपरण्यानं स्वतःला बांधून घ्यायचे. पुढच्या गाडीला ‘समोरचा पक्ष’ म्हणायचे. हॉर्न कुठे आहे, हे त्यांनी पोरीला इतक्यांदा विचारलं की शेवटी तिनं एक बटण दाखवून “हा घ्या मामाजी” म्हणून खोटंच सांगितलं. पण गंमत अशी की बाकीचे जोशात एकमेकांवर आदळून बाहेर पडायचे आणि हा माणूस त्यांच्यामधून सावकाश वाट काढत पुढे सरकायचा. असं करत करत शेवटच्या शर्यतीपर्यंत आम्ही हंगामाच्या गुणांच्या यादीत बरोबर दहाव्या जागेवर होतो.

त्या रविवारी मी मुद्दाम अकोल्याला गेलो. शेवटची फेरी, आमची संत्री गाडी झकास चाललेली. एका वळणावर तिचा मागचा कोपरा एका हिरव्या गाडीला लागला. हिरवी गाडी गरगरत कठड्याला जाऊन धडकली. आणि वकीलसाहेबांनी आमची गाडी कडेला घेऊन उभी केली.

“साहेब, थांबले कावून?”

“धक्का आपल्या गाडीचा लागला, भाऊ.”

“मंग? चला ना, सारे पुढं चालले.”

“अपघात करून निंघून जानं गुन्हा हाय.”

“अहो, त्या गाडीत मानूस नाई. तो आपल्या घरी खुर्चीवर बसून हाय.”

“तुमी पायलं का त्याले?”

मी पोरीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मामाजी, हाना ना गाडी पुढं.” ते हलले नाहीत. एकामागून एक गाड्या निघून गेल्या. हिरवी गाडी मागे सरली, वळली आणि भरधाव निघाली, तेव्हा कुठे यांनी आमची हलवली. यादीत आमच्यामागं अकराव्या असलेल्या त्या हिरव्या गाडीच्या संघानंच आमची दहावी जागा घेतली.

नातं-बितं मी तेव्हा विसरलो. “तुमी माह्या नावाची माती केली, साहेब,” मी ओरडलो. “बॉनेटवर मी होतो.”

वकीलसाहेबांनी उपरण्याची गाठ सोडली. “भाऊ,” ते म्हणाले, “माह्याकडं आलेल्या हरेक केसमंधी गाडीवाला पळून गेल्ता. थांबलेला एकबी पायला नाई मी. मंग आपली गाडी कशी पुढं नेऊ?”

पोरीनं चहा आणला, तो मी बशीत ओतून प्यालो.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. स्पर्धा भरवणाऱ्यांनी शिक्षा कळवली: आमच्या चालकानं ‘विनाकारण’ गाडी उभी केली, सबब त्याला पुढे बंदी. वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. विजेच्या बिलावरसुद्धा अपील करणारा हा माणूस म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.” आता खुर्चीवर चादर टाकलेली असते. ते अंगणात बसतात आणि गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत राहतात.

ते भांडणार नाहीत, म्हणून मी भांडतो. माझं त्यांच्याशी असलेलं भांडण आमच्या घरातलं आहे, ते मी पाहून घेईन. पण ज्यांनी ‘विनाकारण’ लिहिलं, त्यांनी एकदा त्या अंगणात येऊन माझ्या व्याह्यांसमोर बसावं, आणि गाडी थांबवायला आणखी कोणतं कारण लागतं, ते त्यांच्या तोंडावर सांगावं.