साडभाऊंचा पाचवा भुंगेरा

सौंसरच्या तहसील कचेरीत पहिल्या खेपेला काम झाले, असा दावा फक्त भुंगेरेच करू शकतील, आणि ते करणारा बाबू म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणसांना ते "सोमवारी या जी" म्हणत. संत्र्याच्या खोडातून बाहेर पडलेल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याला मात्र त्याच दिवशी नंबर आणि स्वतंत्र काडेपेटी मिळे. रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर त्यांनी या भुंगेऱ्यांचे रजिस्टर आखले होते: गाव, झाडमालक, रंग, मिशांची लांबी, शेरा. "माणसायच्या जातीचे दाखले लिहून हात दुखला, साडभाऊ," ते मला म्हणत. "इथं कमीत कमी पट्टी लावून पाहाता येते."

बागवाल्यांच्या लेखी हा सगळा एकच खोडकिडा होता, औषध घालून मारण्याच्या लायकीचा. साडभाऊंनी सहा वर्षे खपून त्याचे पाच प्रकार पाडले होते. आमच्याकडे पांढुर्ण्याला येताना लोक पेढे आणतात. साडभाऊ पोखरलेली फांदी आणत आणि ती बादलीत उभी करून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधून जात. मोहगावला एका लग्नात आंदणाच्या पलंगाला त्यांनी कान लावला, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि नवरीच्या बापाला सांगितले, "आत आधीच बिऱ्हाड हाये." बाप घाबरला. साडभाऊंनी त्याला धीर दिला, "पन ते संत्र्यातले नोहोत. माह्या हद्दीत नाई येत." आणि ते जेवायला बसले. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, या सगळ्याकडे संसारी नजरेने पाहत असे. "घरात पाटाले भोकं पडून राह्यले," ती म्हणे, "अन् हे पाडनाऱ्याच्या मिशा मोजून राह्यले."

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास, त्यांनी पाठवलेले नमुने पाहून, कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे पत्र आले. पाचवा प्रकार कदाचित नवा असू शकेल, तसे ठरल्यास त्याला नाव देता येईल, आणखी नमुने पाठवावेत. साडभाऊंनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवले. नाव ठरलेलेच होते. त्यात सौंसर येणार होते. पत्र कचेरीने ऐकले, चहावाल्याने ऐकले, पांढुर्ण्याच्या बसमध्ये कंडक्टरने दोनदा ऐकले. तहसीलदारांनी साडभाऊंना आपल्यासमोर बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना ती पहिल्यांदा मिळाली होती.

नमुने आणायला आम्ही दोघे तिगावच्या एका बागेत गेलो. पावसाने उघडीप दिली होती. एका खोडावर ते दिसले: खाली चौथा प्रकार, अंगाने थोराड, आखूड मिशांचा, आणि त्याच्या पाठीवर पाचवा, बारीक, लांब मिशांचा. ज्या स्थितीत ते होते, ती समजायला रजिस्टरची गरज नव्हती. साडभाऊ मातीतच बसले आणि बराच वेळ पाहत राहिले. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हणालो, "भांडत असतील."

"साडभाऊ, तुमाले दोन लेकरं हायेत," ते म्हणाले. "हे भांडन होय का?"

मग हळूच म्हणाले, "नवरा-बायकोचे दोन रेशनकार्ड बनवले मीनं."

हे त्यांना किती लागले असेल ते कचेरीत गेलेल्यालाच कळावे. एका घरात दोन कार्डे सापडली की मोठ्या साहेबाची चिठ्ठी आली तरी ते एक कार्ड रद्द करीत. आणि इथे स्वतःच्या हाताने त्यांनी सहा वर्षे सगळ्या बायका चौथ्या प्रकारात आणि सगळे नवरे पाचव्यात टाकले होते.

संस्थेला यातले काहीच ठाऊक नव्हते. परत आल्यावर साडभाऊंनी पत्र लिहायला घेतले: पाचवा प्रकार अस्तित्वात नाही, चूक माझी आहे, नोंद रद्द समजावी. मेहुणी पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आली. इतकी वर्षे त्या किड्यांना शिव्या देणारी बाई म्हणाली, "नका ना पाठवू. त्यायचं त्यायले समजन तवा समजन. तिथं झाडापाशी कोन होतं पाहाले?"

"मी होतो ना," साडभाऊ म्हणाले.

मग आत जाऊन तिने लिफाफ्याला लावायला डिंकाची बाटली आणून दिली.

संस्थेचे उत्तर आले नाही. शोध लागला असे कळवणाऱ्याला काय लिहायचे ते ठरलेले असते. लागला नाही असे कळवणाऱ्यासाठी त्यांच्याकडेही बहुधा नमुना नसावा. साडभाऊंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त पुढचे कित्येक महिने पोस्टमन गल्लीत शिरला की ते दाराशी येऊन उभे राहत, आणि तो पुढे निघून जाईपर्यंत त्याला मोठ्या आस्थेने त्याच्या सायकलबद्दल विचारीत.