तारखेच्या रकान्यातली अष्टमी

आपल्या हातून कुणाची नोंद पुसली गेली, हे तुम्हाला कधी कळलं तरी असतं का?

मला कळलं, कारण खाडीकाठच्या एक काकी स्वतः येऊन समोर बसल्या.

राजापूरच्या बाजारात वडिलांबरोबर लोकांच्या हक्कांची पत्रकं वाटत मी मोठी झाले. नोंद नाही त्याला हक्क नाही, हे त्यांत मी वाचायला शिकले तेव्हापासून वाचत आले. म्हणून रत्नागिरीत बंदराच्या कामावर नोकरीला लागल्यावर खाडीवरच्या होड्या कधी सुटल्या त्याची वही मी हौसेने संगणकात चढवली. वही एक म्हातारे आबा लिहीत. कधी तारीख, कधी नुसती तिथी. मी कुरकुरले तेव्हा ते म्हणाले होते, भरती काय तुझ्या तारखा बघून येते? मी मनातल्या मनात त्यांना मागासलेलं ठरवून मोकळी झाले.

आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मी चार ओळी लिहिल्या: रकान्यातल्या मजकुराच्या तारखा कर, तारखेप्रमाणे ओळी लाव, जुन्याच फाइलवर जतन कर. पडद्यावर इशारा आला होता, मी तो वाचला नाही. वर सगळ्यांना सांगितलं, आता कागद सांभाळायला नकोत. वह्या रद्दीत गेल्या. पुढे आबाही वारले.

काकींचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. मृत्यूच्या दाखल्यासाठी सरकारी कचेरीला होडी सुटल्याची लेखी तारीख हवी होती, तोंडी चालत नव्हती. मी त्या वर्षातल्या सगळ्या ओळी मागवल्या. होडी नाही. मग होडीच्या नावाने शोधलं, तर तिच्या ओळी यादीच्या तळाशी निघाल्या. प्रत्येकीत तारखेच्या जागी एनए, म्हणजे माहिती नाही. शेवटची फेरी कुठल्या महिन्यातली तेही कळेना, कारण वहीतल्या मागच्यापुढच्या तारखांपासून ती ओळ मीच तोडली होती.

"काय लिवलंय?" काकींनी विचारलं.

"तारीख नाहीये, काकी."

"अष्टमी होती, बाय. आबांनी माझ्यासमोर लिवली."

"संगणकाला अष्टमी कळली नाही."

"त्याला नाय कळली. तुला कळत होती ना?"

हातखंब्याच्या रद्दीवाल्याकडे गेले. त्याचा माल कधीच पुढे गेला होता. काकींबरोबर कचेरीत गेले. कारकुनाने माझा छापील कागद पाहिला आणि परत सरकवला. काकी पायऱ्यांवर बसून राहिल्या. अजून त्या विधवा नाहीत आणि सधवाही नाहीत. हे मी केलंय. कुठल्या पत्रकात मी कुणाला जाब विचारू?

तुमच्या गावात कुणी अशी वही संगणकात चढवत असेल, तर आजच जा. पानापानाचा फोटो काढा. तारखांचा नवा रकाना करायला सांगा, पण जुना, तिथीसकट, कुणालाही पुसू देऊ नका.