सील लावलेलं सोनोग्राफी मशीन
माझ्या वहिनीवर अन्याय झाला तो मागच्या वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला. परवा टपाल कचेरीत वितळलेल्या लाखेचा वास आला आणि एमआयडीसीजवळच्या त्या लहान दवाखान्यातली खोली डोळ्यांपुढं उभी राहिली. वहिनीला आठवा महिना, अंगावरून रक्त जात होतं, आणि भावाच्या हातातला कारखान्यातला टॉवेल भिजून जड झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार गर्भपिशवीच्या तोंडाशी खाली आहे का, हे सोनोग्राफीत बघितल्याशिवाय मला हात लावता येणार नाही." मशीन चार पावलांवर होतं, पण पांढऱ्या कापडात बांधलेलं आणि गाठीवर लाखेचं सील. "मग फोडा की ते!" भाऊ ओरडला. "फोडलं तर मी तुरुंगात जाईन. दोन पेशंटांच्या फॉर्मांवर पत्ता लिहायचा राहिला, म्हणून तपासणी अधिकाऱ्यानं सील लावलं, तीन महिने बंद आहे. सुनावणीच लागत नाही." भाऊ माझ्याकडं वळला, "ताई, मुलगा-मुलगी बघणाऱ्या मशिनी तपासा म्हणून पत्रकं तूच वाटलीस न्हवं? वाच की आता हिच्यापुढं!" मी रिक्षा बोलवायला धावले. रिक्षानं सरकारी दवाखाना गाठला, तिथं रांग, आणि दीड तासानं तपासणी होऊन लगेच ऑपरेशन. मायलेकी वाचल्या, पण तोवर वहिनी पांढरीफटक पडली होती. पोटातल्या पोरी मारणाऱ्यांविरुद्धचा कायदा मला हवाच आहे, पत्रकं मी आजही वाटते. पण तुमच्या गावात मशीनला सील लागत असेल, तर सुनावणी कधी आणि तोवर बायांनी जायचं कुठं, हे दारावर लिहून घेतल्याशिवाय सील लावणाऱ्या अधिकाऱ्याला हलू देऊ नका.